पुंता अरेनासची तालीम

रवि. ७ सप्टेंबर ९७, जळगाव

मंजूचा फोन, संध्या. सातला. बाळंतपणाची तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली. सुमन फोनवरच रडायला लागली. रिसीव्हर माझ्याकडे आला. "पप्पा, आईला एकटीला नका पाठवू. दोघं या." मी म्हणालो, बघू, रजेचं विचारतो शाळेत. तिथल्या फोनमध्ये आपलं बोलणं उलटून आपल्यालाच ऐकू येतं. माझं 'बघू' मला दुसऱ्यांदा ऐकू आलं, फार वाईट वाटलं.

मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं. आमच्यापैकी कोणी नव्हतं. जावई, किशोर, दुकान टाकून धावला. दवाखान्यात उशाशी दुकानात काम करणारी तिथली एक बाई बसून होती म्हणे.

पुंता अरेनास, चिली. ५३ अंश दक्षिण. त्याच्या खाली गाव असं जवळजवळ नाहीच. तीस वर्षं नववीच्या वर्गाला तिथली सामुद्रधुनी छडीने दाखवत आलो. किशोरच्या काकांना दुकान काढायला जगात दुसरी जागा मिळाली नाही.

मंगळ. ९ सप्टें.

सु. पासपोर्ट काढून बघत बसली होती. मागच्या वर्षीच केलेत दोघांचे, तिच्या हट्टाने. माझ्या फोटोकडे बघून म्हणाली, "चोरासारखे दिसता."

सत्तावन्न पूर्ण. बंद जागेत जीव घाबरा होतो, हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. बसमध्ये दाराजवळ बसतो, सिनेमाला कडेची खुर्ची घेतो. सु.ला वाटतं मला वारा लागतो. लिफ्टमध्ये आयुष्यात दोनदा चढलो, दोन्ही वेळा घामाने शर्ट भिजला. विमानाचं नुसतं मनात आणलं तरी छातीत धडधड. (यापुढे छा.ध. लिहीन.)

शनि. १३ सप्टें.

शाळा कॉम्प्युटर घेणार आहे, म्हणून हेडबाईंनी मला हमीदच्या क्लासमध्ये चौकशीला धाडलं. शेख हमीद, पूर्वी शिवाजीनगरच्या शाळेत माझा विद्यार्थी. पुढे हवाई दलात गेला, विमानाची घड्याळं-काटे दुरुस्त करायचा, पंधरा वर्षं काढून परत आला. आता बस स्टँडमागे माडीवर क्लास. कानावरचे केस पांढरे झालेत त्याचे.

कौतुकाने म्हणाला, "सर, तुम्हाला एक गंमत दाखवतो." पडद्यावर विमानाची केबिन. समोर काटे, त्यापलीकडे धावपट्टी. खेळ आहे, पण म्हणाला ऐंशी टक्के खरा. त्याने इंजिन चालू केलं, स्पीकर घुमायला लागला, धावपट्टी अंगावर येऊ लागली. मी उठून जिन्यात येऊन उभा राहिलो.

मागोमाग आला. "सर, बरं नाही का?"

"उकडतंय."

त्याने पाणी आणून दिलं.

शनि. २० सप्टें.

पुन्हा गेलो. का गेलो माहीत नाही. कॉम्प्युटर शिकतोय असं सु.ला सांगितलं. हमीदने विमान वळवायची दांडी माझ्या हातात दिली. मुंबईहून उडालो (कसा ते कळलं नाही), एक मिनिटात समुद्रात. पडद्याला भेग पडल्याचं चित्र आलं, काच फुटल्याचा आवाज. दांडी सोडून दिली.

मग सांगून टाकलं ह.ला. मंजूचं, तारखेचं, लिफ्टचं, बसच्या दाराचं. एवढं कधी कोणाला सांगितलं नाही. त्याने ऐकलं आणि शाळेत फळ्यावरची आकृती बघायचा तसा माझ्याकडे बघत राहिला.

म्हणाला, "सर, मी चुकलो. तुमच्या हातात दांडी द्यायला नको होती. तुम्ही पायलट नाही. तुम्हाला फक्त बसायचंय. तेच अवघड आहे."

त्याचा बेत: मुंबई ते युरोप, युरोप ते सांतियागो, सांतियागो ते पुंता अरेनास. रविवारी क्लास बंद असतो. खेळात विमान पळवता येतं, नऊ तासांची नऊ मिनिटं करता येतात. पण तो करणार नाही. जेवढे तास खरे तेवढे तास खुर्चीत. दार बंद.

मी म्हणालो, दार उघडं ठेवलं तर?

"तिकडे ठेवतील का?"

रवि. २८ सप्टें.

तीन खुर्च्या भिंतीला लागून, एकमेकींना चिकटून. मला मधली नाही, खिडकीकडची, खिडकीवर पुठ्ठा. भंगारातल्या जीपचे पट्टे आणून खुर्च्यांना ठोकलेत. टेबलावर पडदा, त्यात नुसतं आभाळ. इंजिनाचा घों घों एकसारखा. ह. माझ्या शेजारी, म्हणजे उठायचं तर त्याच्या गुडघ्यांवरून.

सकाळी ९.१० ला उड्डाण. ९.५० ला मी कडी काढून गॅलरीत. चाळीस मिनिटं. खाली रिक्षावाले भांडत होते, ते ऐकूनही बरं वाटलं.

ह.ने वहीत लिहिलं: ४०.

शुक्र. ३ ऑक्टो.

चिलीच्या मुंबईतल्या वकिलातीचं पत्र. पोस्टमनने शाळेतच दिलं, अर्जावर पत्ता मी शाळेचाच घातला होता. व्हिसासाठी दोघांनी कागद घेऊन २२ तारखेला समक्ष हजर व्हावं. दोघांनी.

वाचलं. घडी घातली. नकाशांच्या कपाटात, गुंडाळ्यांच्या मागे ठेवलं. कुलूप लावलं.

आज संध्याकाळी सु.ने विचारलं, "पत्र आलं का हो?" मी म्हणालो, नाही.

इतकं सोपं.

रवि. ५ ऑक्टो.

१ तास १५ मि. ह. हवाई दलातल्या गोष्टी सांगत होता, एकही लक्षात नाही. पत्राचं त्याला सांगितलं नाही.

रवि. १२ ऑक्टो.

काल दसरा. सु. सोनं द्यायला गल्लीभर फिरली, प्रत्येकीला सांगून आली, आम्ही मंजूकडे चाललोय.

आज २ तास ५ मि. ह. खूश. मला उलटी झाली, ते त्याने वहीत घेतलं नाही.

संध्या. मंजूचा फोन. सु. आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, खरं सांगा. अजून राग आहे का तुमचा?"

कसला राग, म्हणालो.

"किशोरचा. तुम्ही मला सोडायला विमानतळावर आला नाहीत. ताप होता म्हणे. मला माहितीय ताप नव्हता."

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. लग्न तिने स्वतः जमवलं, मुलगा सिंधी; भाऊबंदांत चर्चा झाली, मी मात्र खरंच खूश होतो. पोरगा चांगला आहे. पण मुंबईला विमानतळावर जायचं, काचेआडून ते बघायचं, त्यात ती बसलेली, दार लागलेलं... जळगाव स्टेशनवरूनच परत फिरलो. तापाचं सांगितलं. तीन वर्षं ती समजत आली की बाप जातीवरून रुसलाय, आणि मी तसं समजू दिलं. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटलं मला.

आजही मी एवढंच म्हणालो, "काहीतरीच काय."

बुध. २२ ऑक्टो.

आजची तारीख. दिवसभर वर्गात तास घेतले. आठवीला वारे, नववीला दक्षिण अमेरिका. एका मुलीने विचारलं, सर, इतक्या खाली लोक का राहतात? मी म्हणालो, पुस्तकात बघ.

संध्या. सु. चिवड्यासाठी उन्हात घातलेले पोहे भरत बसलेली. मंजूसाठी वेगळा डबा करणार. छा.ध. दोनदा, बसल्याजागी.

रवि. २ नोव्हें.

काल पाडवा झाला. आज पहिला टप्पा पूर्ण. सकाळी ८ ते सायं. ५ वाजून काही मिनिटं. दोनदा लघवीला उठलो, तेवढं विमानातही चालतं. हमीदच्या बायकोने, नसीमने, ट्रेमध्ये जेवण आणलं, पोळी-भाजी आणि शिरखुर्मा. तिने खालची नजर वर केली नाही, हसू येत असावं. ह. मध्येच खुर्ची हलवायचा, हवेचे हिसके म्हणून. तिसऱ्या हिसक्याला मी त्याचा दंड इतका धरला की वळ उठला.

भीती गेली का? नाही. पहिल्या मिनिटाइतकीच शेवटच्या मिनिटाला होती. फक्त मी बसून राहिलो.

ह. म्हणाला, सर, व्हिसाचं काय झालं? वाट बघतोय, म्हणालो. माझ्याकडे बघायला पाहिजे होतं त्याने, पण तो पट्टा सोडत होता.

रवि. ९ नोव्हें.

युरोप ते सांतियागो. सगळा समुद्रच. पडद्यावर खाली निळं, वर निळं, मध्ये रेघ. तीन तास झाले असतील, वीज गेली. पडदा काळा. आवाज बंद. खिडकीला पुठ्ठा, त्यामुळे खोलीत अंधार गुडुप. पट्टा निघेना. मी ओरडलो. काय ओरडलो माहीत नाही, ह. सांगतो की मी मंजूचं नाव घेत होतो.

त्याने दार उघडलं तेव्हा जिन्यात शेजारचा शिंपी उभा. "काय झालं?" ह. म्हणाला, "काही नाही, वीज गेली."

घरी आलो. सु. म्हणाली, कॉम्प्युटर शिकून तुमचा चेहरा असा का होतो?

यापुढे जाणार नाही. ह.ला तसा निरोप.

गुरु. १३ नोव्हें.

ह. शाळेत आला. स्टाफरूमबाहेर उभा, हातात पिशवी. त्यात बॅटरीवर चालणारा पेटीएवढा डबा. "वीज गेली तरी यावर अर्धा तास चालतं. रविवारी या." आणि गेला.

रवि. १६ नोव्हें.

सगळं आजच लिहून ठेवतो, उद्या धीर होणार नाही.

पुन्हा त्याच समुद्रावर. अकराच्या सुमारास दारावर थाप. ह.ने उघडलं तर सुमन. हातात उघडलेला लिफाफा. वकिलातीचं दुसरं पत्र, या वेळी घरच्या पत्त्यावर आलं, पासपोर्टवरचा पत्ता. इंग्रजी. तिला वाचता येईना, शेजारी कोणी नव्हतं, पत्र व्हिसाचंच असणार या आनंदात ती मला शोधत क्लासवर आली. मी खुर्चीत, पोटावर जीपचा पट्टा.

"हे काय करताय?"

मी काही बोलायच्या आत तिने पत्र ह.पुढे केलं. "भाऊ, वाचा बरं."

तो मराठीत सांगत गेला. "आपल्याला सप्टेंबरच्या... आधीच्या पत्राने बावीस तारखेला बोलावलं होतं. आपण आला नाहीत. आता शेवटची संधी, आठ डिसेंबर. त्यानंतर अर्ज रद्द." वाचता वाचता त्याचा आवाज खाली खाली गेला.

सु.ने मला विचारलं, "आधीचं पत्र?"

मी म्हणालो, माझ्याकडे आहे.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्च्यांकडे बघितलं, पुठ्ठ्याकडे, पडद्यावरच्या आभाळाकडे. "म्हणजे इथे तुम्ही विमानात बसताय," म्हणाली, "आणि तिथे मला पोस्टमनच्या वाटेकडे बसवलंत." जिना उतरून गेली.

ह.ने पडदा बंद केला. मग म्हणाला, "सर, हे मला सांगायला पाहिजे होतं."

सोम. १७ नोव्हें.

सु. सकाळच्या बसने धुळ्याला, भावाकडे. ओट्यावर डबा झाकून ठेवलेला. चिठ्ठी नाही.

शनि. २२ नोव्हें.

पाच दिवस झाले, सु.चा फोन नाही. शाळेतून येताना कपाटातलं पत्र घरी आणलं, देवापुढे ठेवलं. तिथे ठेवून काय होणार, ते उचलून पासपोर्टमध्ये.

रवि. २३ नोव्हें., धुळे

बसने आलो. दाराजवळची जागा. पारोळ्यापर्यंत परत फिरावंसं वाटत होतं.

नानांनी, सु.च्या थोरल्या भावाने, दार उघडलं. त्यांचा देवपूरला ट्रकच्या सुट्या भागांचा धंदा, घरात मात्र अजून साक्रीकडचीच बोली. सगळं त्यांना कळलेलं. चहा झाला, मग म्हणाले, "दाजी, तुमले भ्याव वाटस, हाई सांगाले काय झायं व्हतं? माले भी हिरमा उतराना भ्याव वाटस. मी बठ्ठासले सांगस."

त्यांना विहिरीत उतरायची भीती वाटते, आणि ते सगळ्यांना सांगतात, हे पस्तीस वर्षांत मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

सु. आतून आली. मी दोन्ही पत्रं तिच्यापुढे ठेवली. विमानतळाचंही सांगितलं, ताप नव्हता ते. ती ऐकत होती, हातात निवडायची मेथी. मग म्हणाली, "आठ तारखेला मुंबईला चला. तेवढं करा. पुढे मी एकटी जाईन. इंग्रजी येत नाही तर येत नाही. कागदावर नाव लिहून द्या, लोकांना दाखवत दाखवत जाईन."

मी म्हणालो, मी येतो.

"तुमच्या 'येतो'वर मी आता थांबणार नाही."

खरं आहे तिचं.

सोम. ८ डिसें., मुंबई

वकिलात अकराव्या मजल्यावर. सु. लिफ्टने गेली. मी जिन्याने. सहाव्यावर बसावं लागलं. वर पोचलो तेव्हा आमचं नाव पुकारून झालं होतं, सु. खिडकीवरच्या बाईला मराठीत सांगत होती, "येताहेत, चढताहेत, म्हातारा माणूस आहे." बाईला समजलं असावं, थांबली.

शिक्के मिळाले. ९ जानेवारीची तिकिटं, दोन. दुसरं कशाला म्हणून सु.ने विचारलं नाही, काढू दिलं.

उतरताना लिफ्टचं दार उघडं होतं. उभा राहिलो. बंद झालं. पुन्हा उघडेपर्यंत थांबलो नाही, जिन्यानेच.

रवि. १४ डिसें., जळगाव

शेवटचा टप्पा, सांतियागो ते पुंता अरेनास. मधला समुद्र अर्धाच राहिला, तो सोडून दिला. सु. स्वतःहून आली. "बघू तरी काय असतं." मधल्या खुर्चीत बसली, पट्टा लावला, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा. ह. टेबलाशी.

सव्वाचार तास. डावीकडे डोंगर असायला हवेत, खेळात ते तपकिरी त्रिकोण. वर्गात मी खडूने याहून बरे काढतो. सु. शेंगा सोलता सोलता विचारत होती, हे काय, ते काय. मी सांगत होतो: इथून बर्फ, इथून बेटं, इथे पाऊस वर्षभर. बोलत असताना छा.ध. जरा मागे सरते, गेली असं नाही.

उतरताना ह. म्हणाला, "सर, तिथे वारा असतो. मी खेळातही तेवढाच टाकतोय." पडदा तिरपा झाला. धावपट्टी डावीकडे पळाली, उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे. ह.चे हात कडक. मला कळत होतं की ही बस स्टँडमागची माडी आहे, खाली भजीवाला आहे. तरी पाय जमिनीला दाबून धरलेले. खेळातसुद्धा त्याला जमेना, एकदा वर उचलून पुन्हा फिरवून आणलं. सु.च्या मांडीवरच्या शेंगा खाली. तिने माझा हात धरला आणि तेव्हा कळलं, तिचाही थंडगार.

टेकलं.

"तुम्हालाही भीती वाटली?" मी विचारलं.

"वाटणार नाही का? मी कधी बसले होते विमानात?"

इतके दिवस मला वाटत होतं, माझ्या एकट्याकडेच आहे.

रवि. २१ डिसें.

मंजूचा फोन नाही. किशोरचा आला. तिचं ब्लडप्रेशर वाढलंय, पाय सुजलेत, डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको सांगितलंय. दुकानात नाताळची गर्दी, काका आजारी. किशोरचा आवाज एरवी मोठा असतो. आज विचारत होता, "पप्पाजी, नऊ तारीख पक्की ना?"

पक्की म्हणालो. मग त्याला सांगितलं, फोन मंजूजवळ ने.

वायर पलंगापर्यंत पोचेना. त्याने पलंग सरकवला म्हणे, घासल्याचा आवाज आला. मी सगळं सांगितलं. राग कधीच नव्हता, ताप नव्हता, मी स्टेशनवरून परत का फिरलो, पत्र का दडवलं. तिकडून नुसती खरखर. फोन तुटला असं वाटलं.

मग म्हणाली, "पप्पा, तीन वर्षं मी किशोरशी यावरून भांडतेय. त्याला वाटतं तुम्ही त्याचं तोंड बघत नाही."

मी माफी मागितली. मुलीची पहिल्यांदाच.

"या तुम्ही," म्हणाली. "नाही जमलं तर तसं सांगा. पण खोटं नका सांगू."

गुरु. ८ जाने. ९८, मुंबई

सु.च्या मावसबहिणीकडे, गोरेगावला. विमान उद्या सकाळचं. हमीद काल जळगाव स्टेशनवर आला होता, नसीमही. तिने सु.ला मंजूच्या बाळासाठी लोकरीचे छोटे मोजे दिले. ह. काही शिकवण देईल असं वाटलं होतं. त्याने बॅग डब्यात चढवली, पाया पडला, म्हणाला, "सर, खऱ्यात मी कधी प्रवासी म्हणून बसलोच नाही. मला माहीत नाही कसं वाटतं."

मग इतके दिवस काय...

शुक्र. ९ जाने., विमानात

चार तास झालेत. आता लिहिता येतंय.

दार लागलं तेव्हा मी उठलो. ठरवून नाही, पाय उठले. मोकळ्या वाटेत उभा. हवाई सुंदरी आली, इंग्रजीत बसा म्हणाली. मी म्हणालो, मला उतरायचंय. चांगल्या मोठ्याने. लोक बघत होते. सु.ने माझी पिशवी पायाशी होती ती उचलून माझ्या हातात दिली. "उतरा," म्हणाली. "खरंच सांगते, मी रागावणार नाही. पण लवकर ठरवा, माणसं खोळंबलीत." तिने स्वतःचा पट्टा लावून घेतला.

बसलो. हमीदच्या खुर्चीत असं काही नव्हतं. वास नव्हता, शेजारच्याचं कोपर नव्हतं, कानात दडे नव्हते. दोन तास मी दोन्ही हातांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरून होतो. पुढचा माणूस दोनदा मागे वळला, मग त्याने सोडून दिलं. उलटी. घाम. सु. पदराने पुसत होती आणि तिचे डोळे गच्च मिटलेले.

शनि. १० जाने., सांतियागो

मोठा समुद्र कसा पार झाला ते लिहिणार नाही. झाला. एकदा वाटलं, हृदय थांबलंय. सु.ला सांगितलं. ती म्हणाली, "बोलताय ना, म्हणजे चालू आहे."

इथे सकाळ. ऊन. आपल्याकडच्या मार्चसारखं. पुढचं विमान दुपारी साडेबाराला.

दहा वाजता. विमानतळावरून किशोरला फोन लावला. दुकानातल्या बाईने उचलला. स्पॅनिश. 'मंजू' आणि 'हॉस्पिटल' एवढंच कळलं, ती पुनःपुन्हा तेच सांगत होती. सु.ला काय सांगू? खोटं सांगायचं नाही. सांगितलं. ती खाली बाकावर बसली, पिशवी पोटाशी धरून.

साडेअकरा. पुन्हा लावला तेव्हा किशोर दुकानात आलेला, बोलणं झालं. पहाटेच दवाखान्यात नेलंय. ऑपरेशन करावं लागेल, केव्हा ते ठरत नाही, प्रेशर उतरायची वाट बघताहेत. महिनाभर आधीच. तो रडत होता. "पप्पाजी, तुम्ही कुठे आहात?" सांतियागो म्हणालो. "इथे फार वारा आहे," म्हणाला. "सकाळपासून एक विमान उतरलेलं नाही."

एक वाजला. विमान लागलेलं दिसतंय काचेतून. कोणी चढत नाही. खिडकीवर जाऊन विचारलं. बाई हाताने वारा दाखवते, खांदे उडवते.

पावणेदोन. पुन्हा विचारलं. तेच.

सव्वादोन. तिसऱ्यांदा गेलो. या वेळी मी जरा चढ्या आवाजात बोललो असेन, बाईने दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्याला इंग्रजी येतं. म्हणाला, कदाचित चारला, कदाचित उद्या. मी म्हणालो, उद्या नाही चालणार. माझी मुलगी तिथे आहे. वारा असला तरी चालेल. त्याने फलकाकडे बोट दाखवलं.

सु. म्हणाली, "अहो, बसा जरा. तुम्ही मघापासून उभेच आहात."

छा.ध. आहे. सकाळपासून एकसारखी. पण काचेतून ते विमान उभं बघवत नाही.

तीनला पाच कमी. सु.ने मोजे पिशवीतून काढले, पुन्हा आत ठेवले. फलकावर आमच्या विमानापुढचा शब्द आत्ता बदलला. लांबलचक आहे, अर्थ लागत नाही. रांगेतली दोन माणसं उठली, बाकीची बसूनच.

विचारून येतो.